संख्या आणि तिचे अंकलेखन : द. रा. कापरेकर यांच्या संख्या-वर्गीकरणाची समीक्षा

सारांश

देवळाली येथील शिक्षक-गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी पूर्ण संख्यांचे अनेक नवे वर्ग मांडले. डेमलो, हर्षद, स्वयंभू आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्या हे त्यांतील प्रमुख होत. या वर्गांविषयीचे बहुतेक मराठी लेखन गौरवपर आहे. दुसरीकडे, अंकांच्या मांडणीवर आधारलेले गुणधर्म गंभीर गणितात बसत नाहीत, असा आक्षेपही जुना आहे. प्रस्तुत लेखात १२३४५६७८९८७६५४३२१ ही एक मोठी संख्या घेऊन तिच्यावर हे सर्व वर्ग लावून पाहिले आहेत. कोणता वर्ग केवळ नोंद करतो आणि कोणता वर्ग नियमापर्यंत नेतो, याची तपासणी करून कापरेकरांच्या कार्याचे पुनर्मूल्यमापन करण्याचा हा प्रयत्न आहे.

बीज शब्द : कापरेकर, डेमलो संख्या, हर्षद संख्या, स्वयंभू संख्या, दशमान पद्धती, पाया.

१. प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील गणिताच्या अध्यापकास कापरेकर हे नाव परके नाही. नांदगाव आणि देवळाली ही एकाच लोहमार्गावरील स्थानके आहेत. नांदगावच्या शेजारच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. गणिताची अशी परंपरा लाभलेल्या प्रदेशात कापरेकरांचा उल्लेख अभिमानाने होणे स्वाभाविकच आहे. परंतु अभिमान आणि मूल्यमापन या दोन भिन्न गोष्टी होत.

कापरेकरांविषयी दोन टोकाच्या भूमिका दिसून येतात. पहिली भूमिका ६१७४ या संख्येचा चमत्कार सांगून नमस्कार करते आणि तेथेच थांबते. दुसरी भूमिका हे सारे 'मनोरंजक गणित' आहे असे म्हणून बाजूस सारते. दोन्ही भूमिकांत एक साम्य आहे : कापरेकरांचे गणित प्रत्यक्ष करून पाहण्याची गरज दोघींनाही वाटत नाही. हा प्रश्न केवळ एका व्यक्तीच्या कीर्तीचा नाही. महाविद्यालयातील विद्यार्थी संख्यांविषयीचे एखादे निरीक्षण प्रकल्प म्हणून घेऊन येतो, तेव्हा त्यास संशोधन म्हणावे की गंमत, याचा निर्णय अध्यापकास करावा लागतो. त्या निर्णयाचे निकष आपल्यापाशी आहेत काय, हा या लेखामागील खरा प्रश्न आहे.

२. कापरेकर : थोडक्यात परिचय

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण ठाणे येथे आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळाली येथे शाळेत अध्यापन केले आणि १९८६ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचे पद नाही, मोठे ग्रंथालय हाताशी नाही, अशा स्थितीत त्यांनी लेखन केले. त्यांतील बरेचसे लहान पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच प्रकाशित केले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले.

ही पार्श्वभूमी कार्याचे मोल वाढवण्यासाठी किंवा उणिवा झाकण्यासाठी वापरता कामा नये. शिक्षक असणे हा गुणही नव्हे आणि सबबही नव्हे. सिद्धता ही सिद्धताच असते.

३. निवडलेली संख्या

१११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकम् पासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. त्या गणनेनुसार या संख्येचा पहिला अंक परार्धाच्या अलीकडील 'मध्य' या स्थानी येतो.

प्रथम, संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी न बदलणारे गुणधर्म पाहू. ही संख्या विषम असून पूर्ण वर्ग आहे. १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे आहेत. म्हणून निवडलेल्या संख्येत ३ हा अवयव चार वेळा आणि ३७ व ३३३६६७ हे प्रत्येकी दोन वेळा येतात. त्यावरून तिच्या विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५ इतकी ठरते. सर्व विभाजकांची बेरीज मूळ संख्येच्या सुमारे १.५४ पट, म्हणजे दुपटीहून कमी भरते. ग्रीक परंपरेतील वर्गीकरणानुसार ती परिपूर्ण नव्हे आणि अधिकही नव्हे, तर 'न्यून' संख्या होय.

या साऱ्या गोष्टी संख्येच्या आहेत. तिच्या लेखनाचा त्यांच्याशी संबंध नाही. ती उलटसुलट सारखीच वाचता येते ही गोष्ट मात्र दशमान लेखनाची आहे. कापरेकरांचे सर्व वर्ग या दुसऱ्या प्रकारात मोडतात आणि त्यांच्यावरील आक्षेपाचे मूळही येथेच आहे.

४. कापरेकरांचे वर्ग आणि त्यांची कसोटी

४.१ डेमलो संख्या : मुंबईजवळील ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली, त्याच्या नावावरून कापरेकरांनी हे नाव दिले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली असे सांगितले जाते. के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत त्यांनी १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या संख्यांची उपपत्ती मांडली. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी चढत जाणारी मालिका या वर्गातील सर्वांत परिचित होय. आपली संख्या तिचे नववे पद आहे. दहावे पद १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. येथे हातचा आल्याने डौल बिघडतो आणि उलटसुलट वाचन साधत नाही.

४.२ हर्षद संख्या : ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी संख्या. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. ८१ ने भागले असता १५२४१५७८९९७१०४१ हा भागाकार येतो आणि बाकी उरत नाही. हा भागाकारही १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे आपली संख्या हर्षद आहे.

येथे थांबले तर ही केवळ नोंद ठरते. पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : या मालिकेतील कोणती पदे हर्षद आहेत? पहिल्या नऊ पदांत हातचा येत नसल्याने, एकांची संख्या न असेल तर वर्गाच्या अंकांची बेरीज न चा वर्ग इतकी असते. म्हणून न एकांच्या संख्येस न ने भाग जात असेल तेव्हा, आणि तेव्हाच, तिचा वर्ग हर्षद ठरतो. एक ते नऊपर्यंत ही अट १, ३ आणि ९ यांनाच लागू पडते. त्यामुळे १, १२३२१ आणि आपली संख्या एवढ्याच हर्षद आहेत. १२१ किंवा १२३४३२१ हर्षद नाहीत. दहाव्या पदाच्या अंकांची बेरीज ८२ ही सम आहे आणि पद स्वतः विषम आहे. म्हणून तेही हर्षद नाही.

४.३ स्वयंभू संख्या : एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या 'जन्मते'. २१ मध्ये २ + १ मिळवून २४ होतात, म्हणून २१ ही २४ ची जनक. जिला कोणतीही जनक संख्या नाही ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या आरंभीच्या स्वयंभू संख्या होत. देवळालीवरून त्यांना 'देवळाली संख्या' असेही नाव आहे.

आपली संख्या स्वयंभू आहे काय? जनक संख्येच्या अंकांची बेरीज 'ब' मानू. कोणत्याही संख्येस आणि तिच्या अंकांच्या बेरजेस ९ ने भागले असता बाकी सारखीच उरते. आपल्या संख्येस ९ ने भाग जातो, म्हणून जनक संख्येस आणि 'ब' लाही ९ ने भाग गेला पाहिजे. सतरा अंकांची बेरीज १५३ पेक्षा अधिक असू शकत नाही. त्यामुळे 'ब' वजा करताना शेवटचे तीन अंक, म्हणजे ३२१, एवढेच बदलतात. पहिल्या चौदा अंकांची बेरीज ७५ आहे. म्हणून 'ब' ७५ ते १०२ यांच्या दरम्यान असावा लागतो आणि ८१, ९०, ९९ एवढेच पर्याय उरतात. ३२१ मधून ते वजा केल्यास अनुक्रमे २४०, २३१, २२२ मिळतात. तिन्हींच्या अंकांची बेरीज ६, म्हणजे एकूण बेरीज प्रत्येक वेळी ८१ येते. ही अट फक्त ८१ पूर्ण करतो. म्हणून आपली संख्या स्वयंभू नाही. १२३४५६७८९८७६५४२४० ही तिची एकमेव जनक संख्या होय.

सतरा अंकी संख्येचा निर्णय तीन पर्यायांत होतो, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. व्याख्या अंकांची असली तरी निर्णयासाठी वापरलेले तत्त्व ९ च्या विभाज्यतेचे आहे.

४.४ कापरेकर संख्या : ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. वर्गाच्या उजवीकडे मूळ संख्येइतके अंक तोडून दोन भागांची बेरीज केली असता मूळ संख्या परत मिळावी, ही अट.

आपल्या संख्येचे वर्गमूळ प्रथम पाहू. १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. बेरीज देखणी आहे, परंतु १११११११११ परत मिळत नाही. म्हणून ती कापरेकर संख्या नव्हे. आता आपली सतरा अंकी संख्या घेऊ. अट मांडली तर असे दिसते की, संख्या आणि तिच्याहून एकने लहान संख्या यांच्या गुणाकारास सतरा नवांच्या संख्येने निःशेष भाग जावा लागतो. सतरा एकांच्या संख्येचे मूळ अवयव २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७ हे आहेत. त्यांतील एकही आपल्या संख्येचा अवयव नाही. म्हणून दोघांनीही १२३४५६७८९८७६५४३२० या संख्येस भाग गेला पाहिजे. प्रत्यक्षात त्यांच्या गुणाकाराने, म्हणजे सतरा एकांच्या संख्येने, भागल्यास १ हा भागाकार आणि १२३४५६७८७६५४३२०९ ही बाकी येते. अर्थात आपली संख्या कापरेकर संख्या नाही.

५. हार्डी यांचा आक्षेप

इंग्लिश गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशा गुणधर्मांविषयी प्रतिकूल मत दिले आहे. त्यांची उदाहरणे बोलकी आहेत : ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. उलट क्रमाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या एवढ्या दोनच. त्यांच्या मते ही गोष्ट कोड्याच्या सदरास शोभेल, परंतु तिच्यापासून कोणतेही व्यापक तत्त्व निघत नाही. येथे एक विरोधाभास जाणवतो. हार्डी यांनीच रामानुजन यांच्यासंबंधात सांगितलेल्या १७२९ चा गौरव दोन घनांच्या बेरजेसाठी होतो. कापरेकरांच्या दृष्टीने तीच संख्या हर्षदही आहे : १ + ७ + २ + ९ = १९ आणि १७२९ = १९ × ९१.

हार्डी यांचा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. दहा या पायाला गणिताच्या दृष्टीने कोणतेही विशेष स्थान नाही. बोटे बारा असती तर हर्षद संख्यांची यादी वेगळी झाली असती. मात्र या आक्षेपाचे उत्तर गौरवाने देता येत नाही. पाया बदलून काय टिकते, हे तपासूनच ते देता येते.

आपल्या संख्येवर हा प्रयोग करू. डेमलो मालिकेचा डौल मुळात बहुपदीचा आहे. १ + य + य² … + य⁸ या बहुपदीच्या वर्गात सहगुणक १, २, ३ … ९ … ३, २, १ असे येतात. य च्या जागी १० घातले की आपली संख्या मिळते. पाया १० किंवा त्याहून मोठा कोणताही असला तरी सहगुणकांत हातचा येत नाही आणि लेखन तेच राहते. म्हणजे दशमान पद्धतीत दिसणारे हे रूप दशमान पद्धतीपुरते मर्यादित नाही.

हर्षद गुणधर्माचे काय? कोणत्याही पायातील नऊ एकांच्या संख्येचे दोन अवयव पाडता येतात : (१ + य + य²) आणि (१ + य³ + य⁶). दशमान पद्धतीत हेच १११ × १००१००१ होय. पायास ३ ने भागून बाकी १ उरत असेल, तर दोन्ही अवयवांस ३ ने भाग जातो, त्यांच्या गुणाकारास ९ ने आणि वर्गास ८१ ने. बाकी ० किंवा २ उरत असेल, तर दोहोंपैकी एकासही ३ ने भाग जात नाही. म्हणून हेच लेखन १०, १३, १६ या पायांत हर्षद ठरते. ११ आणि १२ या पायांत नाही. सांगायचे तात्पर्य असे की, येथे दहाचे 'दहापण' महत्त्वाचे नसून दहास तीनने भागल्यावर १ उरतो, एवढेच महत्त्वाचे आहे. अंकांची गंमत म्हणून सुरू झालेला विचार विभाज्यतेच्या नियमात परिणत होतो.

कापरेकर संख्यांच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे दिसते. २००० मध्ये डग्लस इआनुची यांनी दाखवून दिले की, या संख्या दहाच्या घातांकाहून एकने लहान अशा संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी बांधलेल्या आहेत. दोन अंकी उदाहरण पुरेसे आहे. ९९ = ९ × ११. ४५ ला ९ ने भाग जातो आणि ११ ने भागल्यास १ उरतो. ५५ ला ११ ने भाग जातो आणि ९ ने भागल्यास १ उरतो. दोघांनीही भाग जातो तो ९९ ला, आणि दोन्ही वेळा १ उरतो तो खुद्द १. यादी येथे संपते. तीन अंकांत ९९९ = २७ × ३७ यावरून २९७ आणि ७०३ याच रीतीने मिळतात. इतकेच नव्हे, तर सुरुवातीस शून्ये लिहिण्याची मुभा दिल्यास प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमान पद्धतीत कापरेकर संख्या ठरते, हेही याच संशोधनातून पुढे आले. युक्लिडपासून अभ्यासल्या गेलेल्या संख्यांशी देवळालीचा धागा असा जुळतो. हार्डी यांनी मागितलेले व्यापक तत्त्व ते हेच.

इतर वर्गांतही पुढील काम झाले. आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ मधील व्याख्यानानंतर हर्षद संख्या 'निव्हेन संख्या' या नावानेही अभ्यासल्या जाऊ लागल्या. कूपर आणि केनेडी यांनी त्यांची घनता शून्य असल्याचे १९८४ मध्ये आणि २० पेक्षा अधिक क्रमागत संख्या हर्षद असू शकत नसल्याचे १९९३ मध्ये सिद्ध केले. याउलट, स्वयंभू संख्यांची घनता शून्याहून अधिक असल्याचे झानिएर यांनी १९८२ मध्ये दाखवले.

६. मर्यादा

वरील विवेचनावरून कापरेकरांचे सर्वच कार्य एका पातळीवर ठेवता येत नाही, हे स्पष्ट होते. विशेष म्हणजे, जिच्यामुळे ते सर्वाधिक ओळखले जातात ती ६१७४ ची क्रिया गणितीय दृष्ट्या त्यांच्या शोधांत सर्वांत उथळ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चार अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी केली असता उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते : टोकाच्या अंकांच्या फरकाची ९९९ पट अधिक मधल्या अंकांच्या फरकाची ९० पट. अशा जोड्या फक्त ५४ आहेत. त्या तपासल्या की प्रश्न संपतो. तीन अंकांसाठी ४९५ मिळते. दोन आणि पाच अंकांसाठी असा एकच स्थिरांक नाही. या शोधाचे आकर्षण खरे आहे, परंतु त्यावरच थांबल्याने कापरेकर संख्यांसारखा अधिक खोल विचार मराठी वाचकापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी मर्यादा कापरेकरांच्या पद्धतीची आहे. नाव देणे, उदाहरणे जमवणे आणि आकृतिबंध ओळखणे यांत ते निपुण होते. मात्र वर उल्लेखिलेले घनतेचे आणि संरचनेचे निष्कर्ष इतरांनी सिद्ध केले. वर्गीकरण हा शोधाचा आरंभ असतो, शेवट नव्हे. तथापि हेही मान्य केले पाहिजे की, योग्य ठिकाणी रेघ ओढणे ही सामान्य गोष्ट नाही. इआनुची यांना जी संरचना सापडली ती कापरेकरांनी आखलेल्या वर्गातच सापडली. शंभर वर्ग आखता येतात, त्यांतील मोजकेच असे फळतात.

७. निष्कर्ष

१) १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या डेमलो व हर्षद आहे, स्वयंभू व कापरेकर नाही. हे चारही निर्णय संगणकाविना, हाताने आणि सिद्धतेसह करता येतात.

२) अंकांवर आधारलेला गुणधर्म क्षुल्लक की गंभीर, हे व्याख्येवरून ठरत नाही. त्यातून सर्वसाधारण नियम निघतो काय, पाया बदलल्यावर त्यातील काय टिकते, आणि तो अन्य वर्गांशी जोडला जातो काय, या तीन प्रश्नांवरून ते ठरते.

३) या निकषांवर कापरेकर संख्या अग्रस्थानी येतात. हर्षद आणि स्वयंभू त्यानंतर येतात, आणि ६१७४ सर्वांत शेवटी. लोकप्रियतेचा क्रम नेमका उलटा आहे.

४) पदवी स्तरावरील प्रकल्पांसाठी हे वर्ग उपयुक्त आहेत. मात्र विद्यार्थ्याने उदाहरणांच्या याद्या सादर केल्यास त्या स्वीकारून त्यास पुढचे तीन प्रश्न विचारावेत. हर्षद पदांची १, ३, ९ ही यादी घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यास 'नेमकी हीच का?' असे विचारणे, हे आपले काम होय. विशेषतः ग्रामीण महाविद्यालयांत, जेथे ग्रंथालय तोकडे आणि साधने मोजकी असतात, तेथे वही आणि पेन्सिल एवढ्यावर सिद्धतेपर्यंत पोहोचता येणारे विषय दुर्मिळ आहेत. देवळालीच्या शिक्षकाने असे विषय आपल्याच जिल्ह्यात निर्माण करून ठेवले आहेत. त्यांचा खरा गौरव त्यांच्या संख्या पुन्हा तपासण्यात आहे.